चार डिस्क, तीन उत्तरं

टेबलावर चार हार्ड डिस्क मांडल्या आहेत. एक २ टीबीची, जुन्या डेस्कटॉपमधून काढलेली. दोन ४ टीबीच्या, दोन वेगवेगळ्या दिवाळ्यांत सवलतीत घेतलेल्या. एक नवीकोरी ६ टीबीची. बेरीज १६ टीबी. घरात एक छोटा सर्व्हर उभा करायचा आहे. त्यावर घरभराचे फोटो, आजोबांच्या आवाजाची रेकॉर्डिंग, खरेदीखताच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि चित्रपटांचा साठा ठेवायचा आहे. चारांतली कुठलीही एक डिस्क उडाली तरी काही जायला नको, एवढीच अट. मग वापरायला जागा किती मिळेल?

झेडएफएस या फाइल सिस्टिमचं उत्तर ६ टीबी. बीटीआरएफएसचं ८ टीबी. साध्या ईएक्सटी४ वर स्नॅपरेड चालवलं तर १० टीबी.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. झेडएफएसच्या रेड-झेड१ या मांडणीत प्रत्येक डिस्क सर्वांत लहान डिस्कएवढीच धरली जाते. म्हणजे २ टीबीच्या चार डिस्क, त्यातली एकीएवढी जागा हरवलेला भाग पुन्हा काढून देणाऱ्या हिशेबासाठी (याला पॅरिटी म्हणतात) आणि उरले ६. बीटीआरएफएसची रेड१ मांडणी डिस्कच्या जोड्या लावत बसत नाही. ती साधारण १ जीबीचा तुकडा घेते आणि त्याच्या दोन प्रती जिथे मोकळी जागा असेल अशा कुठल्याही दोन डिस्कवर ठेवते, म्हणून १६ चे निम्मे. स्नॅपरेड सर्वांत मोठी डिस्क पॅरिटीला देतं आणि बाकीच्या तिन्ही पूर्ण वापरू देतं. पण त्याची पॅरिटी ठरलेल्या वेळीच, म्हणजे बहुतेक घरांत रात्री एकदा, काढली जाते. दुपारी उतरवलेले फोटो रात्रीपर्यंत उघड्यावर असतात. जागेच्या आकड्यामागे असा वेगवेगळा करार दडलेला असतो, आणि घरच्या सर्व्हरसाठी फाइल सिस्टिम निवडताना वाचायचा असतो तो हा करार.

डिस्कला स्वतःला फोटो, फोल्डर, तारीख यातलं काहीही कळत नाही. तिला फक्त क्रमांक दिलेले कप्पे ठाऊक असतात, प्रत्येकी ५१२ किंवा ४०९६ बाइटचे. कुठल्या कप्प्यात कोणत्या फाइलचा कोणता भाग आहे, मोकळे कप्पे कोणते, फाइलचं नाव काय आणि ती शेवटची कधी बदलली, ही सगळी किर्द-खतावणी फाइल सिस्टिम सांभाळते. लिनक्स नवीन होतं तेव्हा त्यात मिनिक्सची फाइल सिस्टिम वापरली जाई. तिची मर्यादा ६४ एमबी आणि फाइलच्या नावाला फार तर १४ अक्षरं. १९९२ मध्ये रेमी कार यांनी तिच्या जागी ईएक्सटी आणली, पुढच्याच वर्षी ईएक्सटी२ आली, आणि त्याच घराण्यातली २००८ मधली ईएक्सटी४ आज जगभरच्या असंख्य लिनक्स यंत्रांवर मुकाट काम करते आहे.

या खतावणीचा पहिला शत्रू म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण. एक फाइल साठवताना किमान तीन-चार ठिकाणी नोंदी होतात, आणि त्या चालू असताना वीज गेली तर खतावणीचा मेळ बसत नाही. ईएक्सटी२ च्या काळात वीज परत आल्यावर सगळी डिस्क तपासून काढावी लागे आणि तोवर सर्व्हर बंद. यावरचा उपाय जर्नल. बदल करण्याआधी ‘काय करणार आहोत’ हे एका वेगळ्या वहीत लिहायचं, मग काम करायचं. व्यापारी जगात ही पद्धत रुळवणाऱ्या सुरुवातीच्या फाइल सिस्टिमांत १९९१ ची व्हेरिटासची होती, आणि त्याच व्हेरिटासचं मोठं विकास केंद्र पुढे पुण्यात होतं. ईएक्सटी घराण्यात जर्नल आलं ते २००१ च्या ईएक्सटी३ बरोबर.

पावसाळ्यात विजेचा लपंडाव ज्यांच्या पाचवीला पुजलेला आहे, त्या कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या घरांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मात्र जर्नलही सगळं वाचवत नाही. ईएक्सटी४ चं जर्नल नेहमीच्या मांडणीत खतावणीच्या नोंदी जपतं, फाइलच्या आतला मजकूर नाही. २००९ मध्ये ईएक्सटी४ नवी असताना हे प्रकर्षानं दिसलं. वेग वाढवण्यासाठी ती डिस्कवर लिहिण्याचं काम काही सेकंद पुढे ढकलत होती, आणि यंत्र अचानक बंद पडलं की काही लोकांना त्यांच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन मिळत होत्या. नाव जागेवर, मजकूर गायब. लिनक्सच्या २.६.३० या आवृत्तीत त्यावर उतारा आला. तरीही घरच्या सर्व्हरला इन्व्हर्टर पुरेसा आहे असं गृहीत धरू नये. पुष्कळ इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी बनलेले असतात, आणि विजेवरून बॅटरीवर जाताना त्यांना लागणारा क्षण संगणकाला रीस्टार्ट करायला पुरतो. छोटा यूपीएस आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर रीतसर बंद करणारी जोडणी, यावरचा खर्च महागड्या डिस्कवरच्या खर्चाहून अधिक कारणी लागतो.

दुसरा शत्रू आवाज न करता येतो. डिस्क उडाली तर कळतं, ती खडखडते किंवा दिसेनाशी होते. पण डिस्क धडधाकट असताना एखाद्या कप्प्यातला मजकूर बदलला तर? केबल ढिली असते, कंट्रोलर चुकतो, डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे लिखाण भलत्याच कप्प्यात जातं. डिस्क ‘लिहिलं’ म्हणते आणि वाचायला मागितलं की चुकीचा मजकूर बिनदिक्कत देते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेटअ‍ॅप कंपनीच्या यंत्रणांमधल्या १५ लाखांहून जास्त डिस्क ४१ महिने तपासल्या गेल्या. त्यात चेकसम, म्हणजे मजकुरातून गणितानं काढलेली छोटी ओळखखूण, न जुळण्याच्या ४ लाखांहून जास्त घटना सापडल्या. महागड्या डिस्कपेक्षा स्वस्त साटा डिस्कमध्ये त्यांचं प्रमाण सुमारे दहापट होतं. घरात असतात त्या याच जातीच्या.

घरी याचा परिणाम वर्षांनी दिसतो. मुंजीचा फोटो उघडावा तर वरचा भाग स्वच्छ आणि खालचा करडा पट्टा. बॅकअप काढून पाहावा तर तिथेही करडा पट्टा, कारण बॅकअपनं बिघडलेली प्रतच इमानानं उचलून नेलेली असते.

इथे ईएक्सटी४ हतबल आहे. २०१२ पासून ती स्वतःच्या खतावणीचे चेकसम ठेवू शकते, फाइलच्या मजकुराचे मात्र ठेवत नाही. दोन डिस्कवर लिनक्सचं नेहमीचं रेड१ करून वर ईएक्सटी४ घातली, तरी दोन प्रतींमध्ये फरक पडल्यावर खरी कोणती हे सांगायला कुणी नसतं. एकाच गटाच्या सातबाराच्या दोन नकला, एकीवर ४० गुंठे आणि दुसरीवर ४२; तिसरा पुरावा नसेल तर तलाठीही निकाल देऊ शकणार नाही.

हा तिसरा पुरावा देण्याचं काम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ साली सुरू झालं. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरन्स यांनी आखलेली झेडएफएस २००५ मध्ये सोलारिसच्या मुख्य प्रवाहात आली. तिच्यात प्रत्येक तुकड्याचा चेकसम तुकड्याशेजारी ठेवत नाहीत. तो तुकडा जिथून दाखवला जातो त्या वरच्या नोंदीत ठेवतात. त्या नोंदीचा चेकसम तिच्याही वरच्या नोंदीत, आणि असं थेट मुळापर्यंत. यामुळे लिखाण भलत्या कप्प्यात गेलं तरी चोरी पकडली जाते. चुकीच्या तुकड्याशेजारी त्याचीच जुळणारी खूण असली तरी फसगत होत नाही, कारण साक्ष दुसरीकडे नोंदलेली आहे. वाचताना खूण जुळली नाही तर झेडएफएस दुसऱ्या डिस्कवरची प्रत वाचते, ती पडताळते, माणसाला चांगली प्रत देते आणि बिघडलेली दुरुस्तही करते.

अर्धवट लिखाणाचा प्रश्नही ती मुळातून वेगळ्या रीतीनं सोडवते. ती जुन्या नोंदीवर कधी गिरवत नाही. बदल नव्या पानावर लिहिते, सगळं नीट उतरलं की मगच अनुक्रमणिका नव्या पानाकडे वळवते. मध्येच वीज गेली तर जुनी अनुक्रमणिका आणि जुनं पान शाबूत असतं. या पद्धतीतून स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याचं त्या क्षणाचं गोठवलेलं रूप, जवळजवळ फुकट पदरात पडतो, कारण जुनी पानं टाकून न देणं एवढंच त्यासाठी करायचं असतं. घरातल्या एखाद्या विंडोज लॅपटॉपमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला आणि त्यानं सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमधल्या फाइली कुलूपबंद केल्या, तरी सर्व्हरवरचा कालचा स्नॅपशॉट त्या लॅपटॉपला बदलता येत नाही. घरगुती वापरात याच्याएवढी मोलाची सोय दुसरी नाही.

झेडएफएस लिनक्सवर आणण्याच्या कहाणीत पुण्याचं एक पान आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेनं झेडएफएसचा गाभा लिनक्सवर चालवला होता, पण नेहमीसारखे फोल्डर-फाइल उघडता येतील असा वरचा थर त्यात अजून नव्हता. २०१० मध्ये पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या कंपनीनं तो थर लिहिला आणि लिनक्सवर झेडएफएस थेट माउंट होते हे दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी एसटीईसी या अमेरिकी कंपनीनं केक्यू विकत घेतली आणि तो धागा पुढे गेला नाही. लिव्हरमोरनं स्वतःचा थर लिहिला आणि आज वापरली जाते ती त्या शाखेतून वाढलेली ओपनझेडएफएस. तरीही पुण्यातल्या त्या मोजक्या अभियंत्यांनी केलेलं काम मराठी वाचकांना माहीत असायला हवं, कारण ‘लिनक्सवर हे होईल का’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी चालवून दाखवलं.

मग सगळ्यांनी झेडएफएसच का घेऊ नये? पहिली अडचण परवान्याची. सननं तिला दिलेला परवाना आणि लिनक्सचा परवाना यांचा मेळ बसत नाही असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, त्यामुळे ती लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, भाग होऊ शकलेली नाही. उबुंटूनं २०१६ पासून ती सोबत द्यायला सुरुवात केली, प्रॉक्समॉक्स आणि ट्रूनॅसमध्येही ती तयार मिळते. इतरत्र मात्र कर्नल अपडेट झाल्यावर तिचं मॉड्यूल जुळेपर्यंत थांबावं लागू शकतं. दुसरी अडचण वाढीची. चार डिस्कच्या रेड-झेडमध्ये पाचवी डिस्क जोडायची सोय कित्येक वर्षं नव्हती, ती २०२५ च्या जानेवारीत २.३ आवृत्तीबरोबर आली. वेगवेगळ्या मापांच्या डिस्कचं दुखणं तर आजही आहे, वरच्या ६ टीबीच्या हिशेबात ते दिसलंच. मेमरीबद्दल मात्र उगाच भीती पसरलेली आहे. दर टीबीमागे १ जीबी रॅम हवीच, असा कुठलाही नियम घरच्या वापराला लागू नाही. ८ जीबीत घरचा सर्व्हर सुखानं चालतो. एकसारखे तुकडे शोधून एकदाच ठेवणारी डीडुप्लिकेशन ही सोय बंद ठेवावी, कारण ती मात्र खरोखर रॅम खाते.

बीटीआरएफएस, जिला पुष्कळजण ‘बटर एफएस’ म्हणतात, तीही याच कल्पनेवर उभी आहे: चेकसम, स्नॅपशॉट, न गिरवता नव्या पानावर लिहिणं. क्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ओरॅकलमध्ये तिची सुरुवात केली आणि २००९ पासून ती लिनक्स कर्नलमध्येच आहे, म्हणून परवान्याची कटकट नाही. तिच्याविषयीची मतं मात्र टोकाची. सुसेनं २०१४ मध्ये आपल्या व्यावसायिक लिनक्सच्या मूळ विभागासाठी ती स्वीकारली, फेडोरानं २०२० मध्ये डेस्कटॉपसाठी. रेड हॅटनं उलट २०१७ मध्ये तिला निरोप द्यायचं जाहीर केलं आणि आरएचईएल ८ मधून ती काढून टाकली. भांडणाचं मोठं कारण रेड५ आणि रेड६ या पॅरिटी वापरणाऱ्या मांडण्या. बीटीआरएफएसमधल्या या दोन मांडण्या वीज जाण्याच्या प्रसंगात भरवशाच्या नाहीत, आणि महत्त्वाच्या डेटासाठी त्या वापरू नका असं तिच्याच दस्तऐवजात लिहिलेलं आहे. सायनॉलॉजीच्या तयार पेट्यांमध्ये बीटीआरएफएस असते, पण तिथे डिस्क जोडण्याचं काम लिनक्सचं जुनं रेड करतं आणि बीटीआरएफएस त्याच्यावर बसते.

रेड१ मध्ये मात्र ती घरासाठी फार गुणी आहे. आज ४ टीबीची डिस्क घाला, पुढच्या वर्षी ८ ची, जुनी काढून घ्या, सगळं सर्व्हर चालू असताना. दोन गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. एखादी डिस्क गेलेली असताना ती आपण होऊन माउंट होत नाही, ‘डिग्रेडेड’ हा पर्याय हातानं द्यावा लागतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला सगळं गेल्याचा धसका बसतो. आणि व्हर्च्युअल मशीन किंवा डेटाबेससाठी वेग वाढावा म्हणून नव्या पानावर लिहिण्याची पद्धत बंद केली, तर त्या फाइलींचे चेकसमही बंद होतात.

एक्सएफएस १९९० च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्सनं मोठमोठ्या फाइलींसाठी बांधली आणि २०१४ पासून ती रेड हॅटची नेहमीची निवड आहे. चित्रपटांच्या साठ्याला उत्तम. पण फाइलींच्या मजकुराचे चेकसम तिच्यातही नाहीत, आणि विभाग एकदा वाढवला की लहान करणं जमत नाही असंच धरून चालावं. विंडोजच्या एनटीएफएस आणि एक्सफॅट यांना सर्व्हरच्या कायमच्या डिस्कवर जागा देऊ नये. एक्सफॅटला जर्नलही नाही. ती पेन ड्राइव्हसाठी ठीक.

नवं म्हणून काही घेण्याआधी ते सांभाळणारी माणसं किती, हेही पाहावं लागतं. २००० च्या दशकात रायझरएफएस लोकप्रिय होती, सुसे ती मूळ पर्याय म्हणून देत असे. तिचे कर्ते हान्स रायझर २००८ मध्ये पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरले, देखभाल करणारे पांगत गेले आणि २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या ६.१३ आवृत्तीत ती कर्नलमधून काढली गेली. बीकॅशेएफएस ही केंट ओव्हरस्ट्रीट यांची फाइल सिस्टिम २०२४ च्या जानेवारीत ६.७ मध्ये मोठ्या आशेनं दाखल झाली. तंत्र सुंदर आहे, पण कर्नलच्या कार्यपद्धतीवरून खटके उडत राहिले आणि ६.१८ मध्ये ती बाहेर गेली. आता ती वेगळं मॉड्यूल म्हणून घ्यावी लागते. ज्यांच्या घरातला एकुलता एक साठा तिच्यावर होता, त्यांना हा बदल कर्नल अपडेटबरोबर घरपोच झाला.

आता देखभाल. चेकसम असले तरी कुणी वाचायला गेल्याशिवाय ते पडताळले जात नाहीत, आणि घरातले बहुतेक फोटो वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. म्हणून स्क्रब: सगळा साठा ठरावीक काळानं वाचून प्रत्येक खूण जुळवून पाहायची. २०२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या लायनस टेक टिप्स या यूट्यूब वाहिनीनं आपल्या जुन्या चित्रीकरणाचा बराच साठा बिघडल्याचं स्वतःच प्रेक्षकांना सांगितलं. साठा झेडएफएसवर होता, पेटाबाइटच्या पल्ल्यातला. पण स्क्रब कधी लावलंच नव्हतं आणि एकेक डिस्क खराब होत गेली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. संगणकांवरच कार्यक्रम करणाऱ्या माणसांकडून हे राहून गेलं, यावरून घरी काय होऊ शकतं याची कल्पना यावी. डेबियन आणि उबुंटूच्या झेडएफएस पॅकेजमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्क्रब आपोआप चालतं. बीटीआरएफएस वापरणाऱ्यांना ते बहुधा स्वतः लावावं लागतं. आणि चूक सापडल्यावर मोबाइलवर निरोप येईल अशी सोय नसेल, तर स्क्रब झालं काय आणि न झालं काय.

डिस्क विकत घेतानाही एक गोष्ट पारखून घ्यावी. काही डिस्क माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लिहितात. हे तंत्र एसएमआर म्हणून ओळखलं जातं. मधलं कौल बदलायचं तर शेजारची उचकटावी लागतात, तसं इथेही सगळं पुन्हा लिहावं लागतं. २०२० मध्ये घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलांत हे तंत्र न सांगता वापरल्याचं उघड झालं. डिस्क बदलल्यावर झेडएफएसला साठा पुन्हा भरायला त्यामुळे अतोनात वेळ लागत होता. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलसमोर ‘सीएमआर’ (म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणारं तंत्र) लिहिलेलं असेल तरच डिस्क घ्यावी.

तर टेबलावरच्या चार डिस्कचं काय? मोठा भाग चित्रपटांचा आणि थोडा घरचा असेल, तर चित्रपटांना स्नॅपरेड पुरे. त्यात पॅरिटीच्या आवाक्याबाहेर डिस्क गेल्या तरी उरलेल्या डिस्कवरच्या फाइली जशाच्या तशा वाचता येतात. पुढे डिस्क सवडीनं, मिळेल त्या मापाच्या येणार असतील, तर बीटीआरएफएसची रेड१. झेडएफएसकडे वळायचं असेल तर आधी एक गंमत पाहावी. चारांतून २ टीबीची डिस्क काढून टाकली की झेडएफएसची जागा कमी होत नाही, वाढते. उरल्या ४, ४ आणि ६. सर्वांत लहान आता ४ ची, म्हणून तिनांतून एकीएवढी पॅरिटी वजा जाता ८ टीबी मिळतात. बीटीआरएफएस मात्र ८ वरून ७ वर येते. ६ च्या डिस्कवर २ टीबी रिकामे राहतात खरे, पण पुढे दोन्ही ४ च्या डिस्क बदलून ६ च्या घातल्या की तेही वापरात येतील.

आणि बाजूला राहिलेली २ टीबीची डिस्क ही या सगळ्यातली सर्वांत गरजेची. चारही डिस्क एकाच पेटीत ठेवल्या तर त्या एकाच विजेच्या लोळाला, एकाच चोराला, एकाच पुराला सापडतात. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरांत आणि दुकानांत शिरलं, तेव्हा तळमजल्यावर जे होतं ते पाण्याखाली गेलं. तिथे रेड-झेड किंवा रेड१ काय करणार? फोटो, रेकॉर्डिंग आणि कागदपत्रं २ टीबीत सहसा मावतात. त्या डिस्कवर झेडएफएसचा स्नॅपशॉट पाठवून ती दुसऱ्या गावी मावशीकडच्या कपाटात ठेवावी. गणपतीला आणि दिवाळीला जाणं होतंच. त्या वेळी ती लॅपटॉपला लावायची, मधल्या काळातले बदल तेवढे भरायचे, आणि निघण्याआधी आजोबांच्या आवाजाची एक फाइल उघडून शेवटपर्यंत ऐकायची.